हुकूम आणि इमान



पालघर गावात हुतात्मा चौक आहे. बाजारहाटाला, कचेरीच्या कामाला, दवाखान्याला, कशालाही या गावात आलात तरी त्या चौकातून तुमचे जाणे झालेच असेल. तेथला स्तंभ पाच जणांचा आहे. ‘चले जाव’चा ठराव मुंबईत ८ ऑगस्ट १९४२ रोजी झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १४ ऑगस्टला, किनाऱ्यावरच्या आणि आतल्या गावांतून निघालेली माणसे पालघरच्या कचेरीवर गेली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. काशीनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी आणि सुकुर मोरे हे पाच जण त्या दिवशी हुतात्मे झाले. दर वर्षी त्या तारखेला गाव त्यांना श्रद्धांजली वाहते.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी माझ्या वर्गातली काही मुले घेऊन तेथे गेलो होतो. नावे वाचून झाली, माहिती सांगून झाली. एक मुलगा मागे उभा होता. किनाऱ्यावरच्या गावचा, बोलायला कमी. तो म्हणाला, “सर, गोळ्या झाडणाऱ्यांची नावं कुठे आहेत?”

बाकीची मुले हसली. मी पटकन म्हणालो, “अरे, ते काय, हुकमाचे ताबेदार!”

“म्हणजे त्यांचा दोष नाही?”

मी घड्याळाकडे पाहिले आणि चला म्हणालो. शिक्षकाला ही युक्ती चांगली जमते. पण तो प्रश्न माझ्यामागे लागला तो लागलाच. आजचे भाषण म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर समजा.

आपल्याकडे इमानाची एक जुनी कसोटी आहे. खाल्ल्या मिठाला जागावे. आपल्या किनाऱ्यावर तर मिठागरे आहेत. मीठ कोठून येते हे आपल्याला कोणी सांगायला नको. शिपाई सरकारचे मीठ खातो, कामगार मालकाचे खातो, मास्तर संस्थेचे खातो. म्हणून त्यांनी त्यांचे ऐकावे. हा हिशोब साधा आहे आणि बहुतेक दिवशी तो बरोबरही असतो. रेल्वेचा सिग्नलवाला, दवाखान्यातली परिचारिका, बोटीवरचा खलाशी, या प्रत्येकाने दर वेळी स्वतःच्या मनाने वागायचे ठरवले तर संध्याकाळपर्यंत दहा माणसे मरतील. सातपाटीची बोट खोल समुद्रात असताना तांडेलाने दोर सोड म्हटले की दोर सोडायचा. वाद किनाऱ्यावर आल्यावर. आज्ञापालनाला नावे ठेवण्यासाठी मी येथे बसलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अडचण एखाद्याच दिवशी येते. त्या दिवशी काय करायचे, एवढाच माझा विषय.

मिठाचीच गोष्ट घ्या. १९३० चा एप्रिल. गांधीजींनी दांडीला मीठ उचलले होते आणि देशभर कायदेभंग सुरू झाला होता. २३ एप्रिलला पेशावरच्या किस्साखानी बाजारात पठाणांचा मोठा जमाव जमला. हे खान अब्दुल गफारखानांचे अनुयायी, निःशस्त्र राहण्याची शपथ घेतलेले. सकाळी तेथे गोळीबार झाला, माणसे पडली, तरी जमाव हटेना. तेव्हा गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीचे जवान पुढे आणले गेले. समोर मुसलमान पठाण आणि बंदुका हिंदू गढवाल्यांच्या हाती. यात साहेबाचा हिशोब होता, हे वेगळे सांगायला नको.

गोळीबाराचा हुकूम सुटला. आणि रांगेतून हवालदार चंद्रसिंह गढवाली यांचा उलटा आवाज आला, की गोळी झाडू नका. बंदुका खाली झाल्या. चंद्रसिंह काही कोवळा पोरगा नव्हता. १९१४ पासून फौजेत होता, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढला होता, मेसोपोटेमियात लढला होता. हुकूम म्हणजे काय आणि तो मोडण्याची किंमत काय, हे त्याला पुरते ठाऊक होते. लष्करी न्यायालयात खटला चालला. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, सोबत्यांनाही शिक्षा झाल्या. चंद्रसिंह १९४१ साली सुटले.

येथपर्यंतची गोष्ट आपण शाळेत मुलांना अभिमानाने सांगतो. पुढची सांगत नाही. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला आणि सत्याग्रही कैदी सुटले. पण हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेल्या शिपायांना व पोलिसांना ही माफी लागू नाही, असे करारातच लिहिले होते. गढवाली तुरुंगातच राहिले. पुढे एका फ्रेंच पत्रकाराने गांधीजींना याबद्दल छेडले. ती मुलाखत १९३२ साली प्रसिद्ध झाली. गांधीजींच्या उत्तराचा आशय असा, की शपथ घेतलेला शिपाई गोळी झाडायला नकार देतो तेव्हा तो शपथ मोडतो. आणि उद्या स्वराज्यात मला याच शिपायांकडून काम घ्यायचे आहे. आज मी त्यांना हुकूम मोडायला शिकवले तर उद्या ते माझाही मोडतील.

हे वाचले तेव्हा मला धक्का बसला होता. कायदेभंग ज्याने देशाला शिकवला त्याने शिपायाला मात्र कायदेभंग नाकारावा? मला आजही ते उत्तर पुरेसे वाटत नाही. पण त्यातली भीती खोटी नाही. आज एक पलटण म्हणेल, नि:शस्त्रांवर गोळी झाडणार नाही. उद्या दुसरी म्हणेल, आमच्या जातीच्या दंगेखोरांवर झाडणार नाही. परवा तिसरी म्हणेल, हे सरकारच आम्हांला पसंत नाही. शिपायाच्या विवेकाला दार उघडले की त्या दारातून फक्त विवेकच आत येईल, याची हमी कोण देणार?

मला स्वतःला यात एक खूण सापडते. चंद्रसिंहांनी हात आखडला. बंदूक उलटी फिरवली नाही. साहेबावर गोळी झाडली नाही, पळून गेले नाहीत, शिक्षा अंगावर घेतली. ज्याला आपल्या नकाराची किंमत दुसऱ्याकडून वसूल करायची नसते, त्याच्या नकाराकडे निदान थांबून पाहिले पाहिजे. ही काही पक्की कसोटी नव्हे. पण स्वार्थाने हुकूम मोडणारा आणि विवेकाने मोडणारा यांत फरक करायला ती बऱ्याच वेळा पुरते.

कायदा काय म्हणतो? इंग्रजांनी १८६० साली केलेल्या भारतीय दंड संहितेत कलम ७६ होते. त्याच्याखाली एक उदाहरण दिले होते, की वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याच्या आज्ञेला धरून, शिपायाने जमावावर गोळी झाडली तर तो गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे उदाहरण ठेवलेले आहे. हे वाचताना लोक ‘वरिष्ठाच्या हुकमावरून’ एवढेच वाचतात आणि पुढचे शब्द गाळतात. ‘कायद्याच्या आज्ञेला धरून’ हे शब्द तेथे उगीच नाहीत. आपल्या १९५० च्या लष्करी कायद्यातही शिपायाला जो हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा होते तो ‘कायदेशीर हुकूम’ होय. म्हणजे हुकमाच्या वर आणखी एक हुकूम आहे, आणि तो साहेबालाही लागू आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे जर्मन पुढाऱ्यांवर व सेनापतींवर खटले चालले. ‘आम्ही हुकूम पाळला’ हा बचाव तेथे अनेकांनी केला आणि तो टिकला नाही. हे सारे फार दूरचे वाटते ना? तर जवळचे सांगतो. २००६ साली मुंबईत पोलिसांच्या हातून एक माणूस चकमकीत मेला. ती चकमक बनावट होती असा आरोप होऊन पोलिसांवर खटला भरला गेला. त्यांच्या जामिनाचे प्रकरण २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयाने न्यूरेंबर्गचाच दाखला दिला. चकमकीच्या नावाखाली खून करून ‘वरून हुकूम होता’ म्हटल्याने पोलिसाची सुटका होणार नाही, आणि असा बेकायदेशीर हुकूम मिळाला तर तो नाकारणे हे पोलिसाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने बजावले.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तयार झाले. हुकमाचा ताबेदार म्हटल्याने माणूस मोकळा होत नाही. पण उरलेले अर्धे कठीण आहे. कायद्याच्या पुस्तकातला निवाडा दोन-पाच वर्षांनी, पंख्याखाली बसून होतो. शिपायाला तो अर्ध्या मिनिटात, उन्हात, मागे साहेब आणि पुढे जमाव असताना करायचा असतो. हे न्यायाचे नव्हे, पण असे आहे खरे.

बरे, आपल्यापैकी किती जण बंदूक हाती घेणार? फार थोडे. म्हणून आता बोईसरला येतो.

तारापूरची औद्योगिक वसाहत बोईसरला लागून आहे. रसायने, औषधे, रंग, कापड, पोलाद. पालघर, डहाणू, विक्रमगडपासून ते उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची माणसे येथे तीन पाळ्यांत राबतात. कारखान्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जावे, तेथे शुद्ध व्हावे आणि मग नळाने नवापूरच्या समुद्रात सुटावे, अशी व्यवस्था. व्यवस्था कागदावर जशी असते तशी जमिनीवर नसते, हे मच्छीमारांना जाळ्यातल्या माशांवरून कळले. मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना दोषी धरून भरपाईचे आदेश दिले.

आदेशात कारखाने असतात. व्हॉल्व्ह मात्र कारखाना फिरवत नाही, माणूस फिरवतो. रात्रपाळीचा, बहुधा ठेकेदाराकडचा.

हुतात्मा चौकात मला प्रश्न विचारणारा तो मुलगा पदवी घेऊन अशाच एका कारखान्यात लागला. कोणत्या, ते सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका रात्री त्याला सुपरवायझरचा फोन आला. टाकी भरत आली आहे, बाहेर पाऊस धो-धो पडतोय, नाल्यात सोडून दे, कोणाला कळणार नाही. मुलगा म्हणाला, “साहेब, लॉगबुकात काय लिहू?” पलीकडून उत्तर आले, काही लिहू नकोस. तो म्हणाला, “मग तुम्ही मेसेज तरी टाका, म्हणजे मला कळेल की हुकूम तुमचाच आहे.” फोन बंद झाला. मेसेज आला नाही, आणि त्याने व्हॉल्व्ह फिरवला नाही.

तो नाला ज्या खाडीला मिळतो त्या खाडीत त्याच्या आजोबांची जाळी लागत. मला हे त्याने नंतर सांगितले, तेही विचारले म्हणून. म्हणजे पाहा, मिठाचा हिशोब कसा गुंतागुंतीचा होतो. पगाराचे मीठ एकाचे, आणि ज्या पाण्यावर घर पोसले त्याचे मीठ दुसऱ्याचे. जागायचे कोणत्या मिठाला?

लेखी मागण्याची त्याची युक्ती मला फार आवडली. ती काही त्याने नव्याने शोधली नव्हती. आपल्या सरकारी नोकरीत ती जुनी आहे. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ साली वर्तणुकीचे नियम झाले, त्यांत म्हटले आहे की वरिष्ठाने सूचना शक्यतो लेखी द्यावी, तोंडी दिली असेल तर नंतर लेखी कायम करावी. जुन्या कारकुनांना याचे मर्म बरोबर कळलेले असते. चुकीचे काम सांगणारा साहेब पुष्कळदा हुकूम देतो, पण सही देत नाही. सही मागितली की निम्मे बेकायदा हुकूम जागच्या जागी विरतात. नकारही द्यावा लागत नाही, उद्धटपणाही होत नाही.

अर्थात लेखी हुकमाचाही भरवसा किती ठेवावा, हे मराठी माणसाला शिकवायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले ही आख्यायिका. खरी असो नसो, ‘ध’चा ‘मा’ आपल्या भाषेत कायमचा राहिला. गारदी म्हणाले असतील, आम्हांला काय, चिठ्ठीत होते ते केले. आणि त्याच पेशव्यांच्या घरचे मीठ खाणारे रामशास्त्री प्रभुणे यांनी त्याच खुनाबद्दल रघुनाथरावांना, म्हणजे प्रत्यक्ष गादीवर बसू पाहणाऱ्याला, दोषी ठरवले आणि पुणे सोडले. गारदी माणसाशी इमानी राहिले; शास्त्रीबुवा न्यायासनाशी. दोघांच्या इमानाला एकच शब्द वापरावा लागतो, ही भाषेची गरिबी म्हणायची.

असो. मुलाच्या गोष्टीकडे परत येतो, कारण ती येथे संपली नाही. त्याने व्हॉल्व्ह फिरवला नाही, पण पहाटेपूर्वी टाकी रिकामी झाली होती. फोन दुसऱ्याला गेला होता. तो दुसरा वाईट माणूस नव्हे. दोन मुलांची फी, गावी म्हातारे आईबाप, खोलीचे भाडे. त्याने दहा मिनिटांचे काम केले आणि चहा प्यायला गेला.

या ठिकाणी मला एका प्रयोगाची आठवण होते. अमेरिकेत येल विद्यापीठात १९६१ साली स्टॅन्ली मिलग्रॅम नावाच्या प्राध्यापकाने साध्यासुध्या माणसांना बोलावले. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की बटण दाबून त्याला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला झटका वाढवायचा, असे त्यांना सांगितले. वीज खोटी होती, ओरडणेही ठरवून केलेले होते. पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. शेजारी उभा असलेला प्रयोगाचा साहेब एवढेच म्हणत असे, की पुढे चालू ठेवा. पहिल्या ज्ञात मालिकेत ४० जणांपैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. हे पुष्कळांनी वाचलेले असते. त्यानंतरचे फारसे सांगितले जात नाही. मिलग्रॅमने आणखी एक प्रकार करून पाहिला. बटण दाबणाऱ्याच्या जोडीला दोन सोबती बसवले आणि त्यांनी मध्येच ‘आम्ही हे करणार नाही’ म्हणून उठून जायचे, असे आधी ठरवून ठेवले. आता ४० पैकी शेवटपर्यंत जाणारे फक्त चार निघाले.

चार! माणसे तशीच, साहेब तोच, बटण तेच. फरक पडला तो शेजारच्या दोघांनी. पेशावरला चंद्रसिंह एकटे असते तर काय झाले असते? हुकूम मोडणाऱ्या एकट्याला बाजूला करायला एक मिनिट लागते. अख्ख्या रांगेला बाजूला करायला दुसरी पलटण आणावी लागते. बोईसरच्या त्या रात्री पाळीवर दोघे होते, आणि दोघांचे आधी कधी याविषयी बोलणे झालेले नव्हते. माझ्या मते चूक तेथे झाली, फोन येण्याच्या पुष्कळ आधी.

आता दुसरी बाजू पाहू, कारण सगळा भार हाताखालच्या माणसावर टाकणे मला पटत नाही. बोईसरपासून थोड्या अंतरावर समुद्राकाठी तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. १९६९ सालापासूनचे, देशातले पहिले. तेथे नियम काटेकोर पाळावे लागतात हे कोणालाही कळेल. परंतु अणुवीज केंद्रात आज्ञा पाळणे म्हणजे काय, हा धडा जगाला चेर्नोबिलने दिला. ती अणुभट्टी वेगळ्या जातीची होती, तारापूरसारखी नव्हे, तेव्हा कोणी घाबरून जाऊ नये. मला सांगायचे आहे ते नियंत्रण कक्षातल्या माणसांविषयी. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री तेथे एक चाचणी चालू होती. भट्टी सांभाळणारा लिओनिद तोप्तुनोव २५ वर्षांचा, त्या जागेवर येऊन काही महिने झालेले. भट्टीची शक्ती एकदम खाली गेली. चाचणीसाठी ठरलेले ७०० मेगावॉट गाठता येईनात; ओढूनताणून २०० वर आणली आणि चाचणी पुढे रेटली. भट्टी बंद करावी असे खालच्यांचे मत होते आणि उपमुख्य अभियंता द्यातलोव यांनी ते ऐकले नाही, असे काहींचे म्हणणे. द्यातलोव यांनी ते नाकारले. तोप्तुनोव आणि पाळीप्रमुख अकिमोव हे दोघेही किरणोत्साराने मे महिन्यातच वारले. पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली. भट्टीच्या रचनेतच दोष होता, थांबवण्याचे बटण दाबल्यावर काही परिस्थितीत क्षणभर शक्ती उलट वाढू शकत होती, आणि हे वरच्यांना ठाऊक असून चालवणाऱ्यांना सांगितलेले नव्हते.

मला यातला हा शेवटचा भाग सर्वांत वाईट वाटतो. हुकूम देणाऱ्याने माहिती दडवली तर पाळणाऱ्याला विवेक असून उपयोग काय? डोळे बांधून चालायला लावायचे आणि खड्ड्यात पडला म्हणून त्यालाच बोल लावायचा! चेर्नोबिलनंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ‘सुरक्षेची संस्कृती’ हा शब्द रूढ केला. त्यात नियम पाळण्याइतकेच महत्त्व शंका विचारण्याला दिले आहे. शंका विचारणाऱ्याला गप्प बसवणारा साहेब धोक्याचा समजला जातो.

आपल्याकडेही भोपाळने असाच धडा दिला. १९८४ ची ती दुर्घटना झाल्यावर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. आपल्या जिवाला वा आरोग्याला तातडीचा धोका आहे असे सकारण वाटले तर कामगाराने ते व्यवस्थापकाला आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकाला कळवावे, हा त्याचा हक्क मान्य झाला. त्या अधिनियमाची जागा आता २०२० च्या सुरक्षा संहितेने घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आणि हा हक्क तिच्यातही आहे. आपल्या भागातल्या किती कामगारांना तो ठाऊक आहे, असे मी वर्गात विचारतो. ज्यांचे वडील, भाऊ त्या वसाहतीत कामाला आहेत अशी मुलेही माना खाली घालतात. मास्तर मंडळींना माझी विनंती आहे, की नागरिकशास्त्राच्या तासाला हे जरूर सांगा. मात्र हा हक्क कामगाराच्या जिवापुरता आहे. खाडीतल्या माशाच्या वतीने नाही म्हणणाऱ्याला तो पुरत नाही.

येथे मी माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सारे दुसऱ्यांना उपदेश केल्यासारखे होईल. एम.ए. झाल्यावर प्रथम मी आतल्या भागातल्या एका शाळेत होतो. दिवाळी झाली की तेथली कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जात आणि मुलांनाही घेऊन जात. माझ्या वर्गात ३१ नावे, समोर मुले १९. तपासणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, “सर, उद्या साहेब येताहेत. हजेरीपट जरा नीट करून ठेवा.” नीट म्हणजे काय, ते मला समजले आणि मी १२ मुलांना हजर केले. भीती वाटली असेही नव्हते. वडीलधारा माणूस सांगतोय, शाळेची अब्रू आहे, मी नवा आहे. एवढ्यावर लेखणी चालली. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना असते. पण ती ज्या शाळेतली मुले गैरहजर आहेत त्या शाळेसाठी. आमची मुले तर कागदोपत्री बाकांवर बसलेली होती. जूनमध्ये त्या १२ पैकी ७ परत आली. उरलेली पाच पुन्हा शाळेत दिसली नाहीत.

मुख्याध्यापक माणूस भला होता, मला मुलासारखे वागवी. मी ‘लेखी द्या’ म्हटले असते तर कदाचित ते हसून गप्प बसले असते. मी म्हटले नाही. शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींशीही बोललो नाही. त्यांनीही त्या रात्री तेच केले, हे मला पुढे कळले. तेव्हा आता कोणी हुकमाचे ताबेदार म्हणून पोलिसांकडे बोट दाखवले की मला तो हजेरीपट आठवतो. त्यावर माझे अक्षर आहे.

त्या मुलाला आठ दिवसांनी ठेकेदाराने उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. कारण दिले नाही. ठेक्याच्या कामात ते द्यावे लागत नाही असा सर्वांचा समज आहे. काही दिवस तो काकाच्या बोटीवर गेला. मग एके दिवशी नव्या नोकरीचा छापील अर्ज घेऊन माझ्या घरी आला. सगळे रकाने भरलेले होते, एक सोडून. ‘मागील नोकरी सोडण्याचे कारण.’

“सर, इथे काय लिहू? सगळे म्हणतात, वैयक्तिक कारण लिही.”

मी त्याला म्हणालो, नोकरी हवी असेल तर तेच लिही. माझी बायको आतून चहा घेऊन येत होती. ती तेथेच थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मुलगा थोडा वेळ पेन हातात धरून बसला. मग त्याने लिहिले, ‘तोंडी सूचना लेखी मागितल्यामुळे कामावरून कमी केले.’ अक्षर चांगले होते.

अर्जाच्या खाली, उमेदवाराला ओळखणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि सही, असा आणखी एक रकाना होता. त्याने अर्ज माझ्याकडे सरकवला. मी चष्मा लावला, वरचे ओळन् ओळ पुन्हा वाचले आणि सही केली.